अकरा ओव्या

आमच्या भजनी मंडळाच्या स्मरणिकेत पुष्कळ वर्षांपूर्वी माझा एक अनुभव छापून आला होता. तो वाचलेली माणसं अजूनही मला जिन्यात थांबवून नमस्कार करतात. कुणी म्हणतं, निष्ठा असावी तर अशी. मी मान खाली घालतो आणि त्यांना तो विनय वाटतो. तो विनय नव्हता. तो अनुभव खोटा होता. देव खोटा नाही, माझी मुलगी वाचली हेही खोटं नाही, पण मधलं जे मी लिहिलं ते खोटं आहे. पंचाहत्तरी ओलांडल्यावर हे सांगतो आहे म्हणून कुणी मला भ्रमिष्ट म्हणेल, कुणी म्हणेल म्हाताऱ्याची श्रद्धा उडाली. म्हणू देत. ज्यांना राग येईल त्यांनी दोन पानं थांबून मग रागवावं.

त्या लेखाचा सारांश असा होता. पोथीच्या पारायणाच्या सातव्या दिवशी माझ्या दोन वर्षांच्या मुलीला तापात झटके आले. मी आसन सोडलं नाही, अध्याय पुरा केला, मग देवाचा अंगारा घेऊन उठलो. तेवढ्यात हिरव्या लुगड्यातली एक तेजस्वी स्त्री दारात उभी राहिली. तिने मुलीच्या अंगावरून हात फिरवला, मुलगी शांत झाली आणि मी वळून पाहतो तो ती स्त्री अदृश्य झाली होती. लोकांना हे फार आवडलं. मलाही आवडत होतं. सांगून सांगून माझ्या डोळ्यांपुढे खरोखरच हिरवं लुगडं दिसू लागलं होतं.

गेल्या महिन्यात निलेश आला. आमच्याच इमारतीत दोन मजले खाली राहतो आणि मंडळाचा अंक काढायचं काम आता त्याच्याकडे आहे. म्हणाला, "काका, सुवर्णमहोत्सवी अंक आहे ना, तुमचा तो लेख परत घ्यायचा सगळ्यांचा विचार आहे. एकदम पहिल्या पानावर. झकास दिसेल." मी हो म्हणणारच होतो. इतकी वर्षं हो म्हणण्याचीच सवय. पण तो उठता उठता परत बसला.

"काका, एक विचारायचं होतं. आमच्या स्वराला गेल्या महिन्यात तापात फिट आली. दीड वर्षाची आहे हो. आम्ही दोघं नुसते ओरडत होतो. आपोआप थांबली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा येऊ शकते. पण आई म्हणते, घाबरू नकोस, काकांचा लेख वाच. परत आली तर तोंडात अंगारा घालायचा आणि पोथीपुढे बसायचं, डॉक्टर काय पळून जातोय का? म्हणून विचारतो, तुम्ही त्या वेळी नक्की किती वेळ बसून राहिला होतात?"

हा प्रश्न मला चाळीस वर्षांत कुणीही विचारला नव्हता.

मी म्हटलं, "तो लेख छापायचा नाही."

"का हो?"

"खोटा आहे म्हणून."

"काका, मस्करी नका करू यार." मग जीभ चावून म्हणाला, "सॉरी. पण अंकाची वाट लागेल ना. लोक विचारतील."

"विचारू देत. अंगारा तोंडात घालायचा नाही. आईला सांग, मी सांगितलं म्हणून. आणि मला चार दिवस दे, मी खरं लिहून देतो. छापायचं तर ते छाप, नाहीतर काही छापू नकोस."

तर ते खरं असं आहे.

गिरण्या बंद पडून दोन-तीन वर्षं झाली होती. माझा थोरला भाऊ गिरणीतून घरी बसला होता आणि मी विक्रोळीच्या एका कारखान्यात हंगामी कामगार होतो. हंगामी म्हणजे दर काही महिन्यांनी ब्रेक, पुन्हा दारात उभं राहणं. कायम होण्यासाठी मी नवस बोललो होतो: सात दिवसांचं पारायण, सगळे नियम पाळून. चाळीतली एक खोली, बाहेर सगळ्यांची मिळून एक गॅलरी. खोलीच्या एका कोपऱ्यात चौरंग, त्यावर पोथी, बाजूला समई. नियम माझ्या वडिलांकडून आलेले. वाचताना बोलायचं नाही. अध्याय अर्ध्यावर सोडून आसनावरून उठायचं नाही. सात दिवस मासळी उंबऱ्याच्या आत येता कामा नये, आणि आम्ही तर कोकणातले, घरात आठवड्यातून चार दिवस मासळी. माझी बायको सुलभा हसून म्हणाली होती, "सात दिवस मांजरसुद्धा आपल्याकडे फिरकणार नाही."

सहाव्या दिवशी आमची मंजू तापली. नाक गळत होतं, कान ओढत होती. सुलभा म्हणाली, "अहो, दवाखान्यात दाखवून आणते." मी वाचत होतो. बोलायचं नव्हतं. मी हातानेच अंगाऱ्याच्या डबीकडे बोट दाखवलं. तिने अंगारा लावला. संध्याकाळी वाचन संपल्यावर मी तोंडाने सांगितलं, उद्या समाप्ती आहे, उद्या दुपारनंतर नेऊ, एका दिवसाने काय बिघडतं. ती काही बोलली नाही. तिने न बोलण्याचा अर्थ मी संमती असा घेतला. तसा तो मी आयुष्यभर घेत आलो.

सातव्या दिवशी सकाळी ताप वाढला. मार्च महिना, पत्र्याचं छप्पर, आणि आम्ही त्या पोरीला घोंगडीत गुंडाळली होती. घाम आला की ताप उतरतो, असं आमच्याकडे सगळेच समजत. मी शेवटचा अध्याय सुरू केला. अकरा वाजून गेले असतील. सुलभा नळावर गेली होती. मंजू माझ्या मागे, हाताच्या अंतरावर चटईवर होती.

आधी एक आवाज आला, घशातून आल्यासारखा. मग चटईवर टाचा आपटल्यासारखा. मी मान वळवली. तिचे डोळे वर गेले होते, पांढरे दिसत होते, आणि हातपाय एका लयीत उडत होते. हे मी पाहिलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि मान परत वळवली. अध्याय संपायला अकरा ओव्या उरल्या होत्या.

माझ्या मनात काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. अर्ध्यावर उठलो तर पारायण फुकट जाईल, नोकरी जाईल, आणि देवाचा कोप पोरीवरच होईल, असं काहीतरी. देव माझी परीक्षा घेतो आहे असंही वाटलं. किती सोयीचं होतं ते. परीक्षा माझी आणि झटके तिला. मी वाचत राहिलो, आवाज चढवून, तो मागचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. मध्ये एक पानही उलटलं. अकरा ओव्या वाचल्या, पोथीला नमस्कार केला आणि मग उठलो.

तोपर्यंत सुलभा कळशी टाकून धावत आली होती. तिच्या किंकाळीने गॅलरी भरली. कुणी म्हणालं कांदा आणा, कुणी चपला हुंगवा म्हणालं. शेजारच्या मालवणी काकू पळत आल्या आणि ओरडल्या, "गो, चमचो घाल दातात, जीभ तुटात पोराची!" आणि खरंच चमचा घेऊन वाकल्या. मी एका हाताने मंजूची दोन्ही मनगटं घट्ट पकडून धरली होती. ते झटके मला दाबून थांबवायचे होते. दुसऱ्या मुठीत अंगारा होता, तिच्या तोंडात घालायला. तिच्या तोंडातून फेस येत होता आणि मी त्या तोंडात राख घालायला निघालो होतो.

"सोर तिला!"

दारातून आवाज आला. सुकटवाली मावशी. खाडीकडच्या कोळीवाड्यातून डोक्यावर टोपली घेऊन यायची, सुके बोंबील, जवळा विकायची. आमच्या गॅलरीत आठवड्यातून दोनदा तरी तिची हाक असायची. कोळ्यांच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो, म्हणून ते 'सोर'. तिने टोपली उंबऱ्यातच आपटली आणि आत घुसली.

"सोर तिला, दादूस! हात मोरतंस काय पोरीचे? आणि तू गो, चमचा काढ. तोंडान काय पन घालायचा नाय!"

मी सोडलं नाही. मी म्हणालो, "मागे हो, पारायण चाललंय." होय, मी हे म्हणालो. तिने माझ्या मनगटावर जोरात चापट मारली. अंगारा उडाला, समईच्या तेलात पडला. मग तिने मला खांद्याने बाजूला सारलं, घोंगडी ओढून फेकली, समई आणि चौरंग पायाने लांब ढकलले. होय, पायाने. पोरीचा हात त्यांवर आपटू नये म्हणून. मंजूला कुशीवर वळवलं, झबल्याचे बंद सोडले, डोक्याखाली स्वतःच्या लुगड्याची चुंबळ सरकवली आणि पदराने तोंडाचा फेस बाहेरूनच टिपला. बस. एवढंच. आणि दोन्ही हात आपल्या मांडीवर ठेवून बसली.

"आता काय करायचं?" सुलभा रडत विचारत होती.

"काय नाय. बघत बसायचा. कोनीतरी घड्याल बघा, किती वेल होतो त्यो. माजे पोराला पन असाच व्हायचा तापान. दवाखान्यातल्या सिस्टरनी शिकवला मना. लांबला तर उचलून न्यायचा, नायतर आपोआप थांबतो."

मालवणी काकूंनी घड्याळ बघितलं. सगळी गॅलरी गप्प झाली होती. मला वाटतं, त्या खोलीत सात दिवसांत खरी शांतता तेवढीच होती. थोड्या वेळाने झटके विरळ झाले, थांबले, आणि मंजूने एक लांब श्वास घेऊन रडायचा प्रयत्न केला. मग ती झोपली.

"निजली म्हनून बरी झाली असा समजू नको," मावशी मला म्हणाली, "ताप कशाचा हाय त्यो डॉक्टरला दाखव. आता. पोथी मागाहून."

आम्ही रिक्षाने गेलो. डॉक्टरांनी कान तपासला, कानात पू झाला होता. आदल्या दिवशी ती कान ओढत होती तेव्हाच सांगत होती बिचारी. डॉक्टरांनी समजावलं की लहान मुलांना तापात अशी आकडी येते, भयंकर दिसते, पण बहुतेकांना त्याने पुढे काही होत नाही. पाच-सहा वर्षांची झाली की थांबते. पुन्हा आली तर कुशीवर वळवा, दाबून धरू नका, तोंडात चमचा, पाणी, औषध, काही म्हणजे काही घालू नका, वेळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली किंवा लागोपाठ आली तर सरळ हॉस्पिटल. मग त्यांनी विचारलं, "हिला कुशीवर कुणी वळवलं? नाहीतर तोंडातलं घशात जायचं. शहाणं माणूस दिसतं."

सुलभा तोंड उघडत होती. त्याआधी मी म्हणालो, "देवाने, डॉक्टर."

माझ्या खोटेपणाची सुरुवात तिथे झाली. ते वाक्य खोटं नव्हतं, हीच त्यातली मेख. पण मी ते खोट्या हेतूने उच्चारलं. एका बाईचं नाव झाकायला मी देवाचं नाव वापरलं.

घरी आल्यावर मी काय केलं तेही लिहितो. मी गोमूत्र शिंपडलं. ती बसली होती ती जागा धुतली. अंघोळ केली, समई नव्याने लावली आणि पारायणाची समाप्ती केली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ती परत आली. माझ्या लेखातली स्त्री अदृश्य झाली होती, खरी स्त्री दुसऱ्या दिवशी पोरीची चौकशी करायला आली होती. टोपली तिने जिन्यापाशीच ठेवली होती, मुद्दाम. हातही धुऊन आली असावी, ओले होते. लुगडं हिरवं नव्हतं. कसल्या रंगाचं होतं ते आठवत नाही, त्यावर मिठाचे पांढरे डाग होते तेवढं आठवतं. मी उंबऱ्यात आडवा उभा राहिलो आणि म्हणालो, "बाहेरूनच. समाप्ती झालीय कालच."

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागून सुलभा पुढे येऊ बघत होती, मी हात आडवा धरला.

"पोर बरी हाय ना?"

"बरी आहे."

"मंग झाला," ती म्हणाली आणि गेली. त्यानंतर तिची हाक आमच्या गॅलरीत कधी ऐकू आली नाही. लोक म्हणत, सुकटवाली हल्ली येत नाही. मी कधी सांगितलं नाही का ते.

चार महिन्यांनी मी कारखान्यात कायम झालो. मग काय विचारता. नवस फळला, निष्ठा फळली. मंडळातल्यांनी लिहा लिहा म्हणून आग्रह केला आणि मी लिहिलं. स्मरणिका घरी आली तेव्हा मी सुलभाला वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत होती. शेवटपर्यंत ऐकून तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला आणि म्हणाली, "मी कळशी घेऊन दारात पोचले तेव्हा तुम्ही पान उलटत होतात. मी पाहिलंय." पुन्हा तिने तो विषय कधी काढला नाही. फक्त घरात कुणी पाहुणा आला आणि मी तो प्रसंग सांगू लागलो, की ती उठून मोरीपाशी जाऊन बसायची. लोकांना वाटे, बाईमाणूस, आठवण सहन होत नाही. ती जाऊनही आता चार वर्षं झाली. तिच्या हयातीत मी हे लिहिलं नाही, हा गुन्हा मी कमी करून सांगणार नाही.

आता ज्याला खरोखर अनुभव म्हणावं ते सांगतो. ते मी स्मरणिकेत कधी लिहिलं नव्हतं, कारण त्यात मी काहीच केलं नव्हतं.

वर्ष उलटलं असेल. रविवार होता. सुलभा बाजारात गेली होती आणि मी मंजूला घेऊन घरी होतो. तिला सकाळपासून कसकस होती, डॉक्टरांनी दिलेलं तापाचं औषध दिलं होतं. ती खेळता खेळता एकदम ताठ झाली. त्या क्षणी मला एकही मंत्र आठवला नाही, देवाचं नावसुद्धा नाही. कानात एकच शब्द होता: सोर. मी तिला चटईवर कुशीवर ठेवली. फ्रॉकचं बटण सोडलं. जवळचा स्टूल लांब केला. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आणि मग दोन्ही हात तिच्या अंगावरून काढून घेतले.

एवढं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. आपलं लेकरू समोर थरथरतंय आणि आपले हात मोकळे. धरायचं नाही. थांबवायचं नाही. फक्त असायचं. घड्याळाचा मोठा काटा दिसत होता, हलत नव्हता. त्या वेळात माझ्यातलं काहीतरी सुटलं. शरणागती हा शब्द मी हजार वेळा कीर्तनात ऐकला होता, पारायणात वाचला होता. शरण जायचं म्हणजे नियम घट्ट धरायचे, आसन घट्ट धरायचं, देवाला घट्ट धरायचं असं मी समजत होतो. खरं तर मूठच तेवढी घट्ट होती. त्या रविवारी मूठ उघडी होती. त्या खोलीत मी एकटा नव्हतो हे मला स्पष्ट जाणवलं. कुणी दिसलं नाही, प्रकाश नाही, सुगंध नाही. खरं सांगायचं तर नाकाला सुक्या बोंबलाचा वास आल्यासारखा वाटला. शेजारणीच्या चुलीवर असेल. असेलही. मला कुणाला पटवायचं नाही. अडीच मिनिटांनी मंजू सैल झाली, आणि मी तिला तशीच कुशीवर ठेवून रडलो.

डॉक्टरांना दाखवून झाल्यावर, चार-पाच दिवसांनी, मी सुकटवालीला शोधायला बाजारात गेलो. ती मासळीबाजाराच्या टोकाला उन्हात बसली होती. शेजारची कोळीण तिला "गो पारू" म्हणून हाक मारत होती, तेव्हा मला तिचं नाव कळलं. मी समोर जाऊन उभा राहिलो. पाठ करून गेलो होतो काय बोलायचं ते. त्याआधीच तिने मला ओळखलं.

"काय रं दादूस? पोर बरी हाय ना?"

"हो."

"परत आलती काय आकरी?"

"आली होती. मी सोडलं तिला. कुशीवर ठेवलं."

ती हसली, सगळे दात दिसले. "मंग शिकलास तर! जा आता घरी, उनात काय उभा ऱ्हायलास. गिऱ्हाइकांचा रस्ता अरतोय."

मी गेलो. माफी मागितली नाही, आभारही मानले नाहीत. आणि निर्लज्जपणे त्यानंतरही वर्षानुवर्षं हिरव्या लुगड्याची गोष्ट सांगत राहिलो, कारण लोकांना ती हवी होती आणि मला ते लोक हवे होते. पुढे बाजार हलला, चाळ पडून इमारत झाली. पारूबाई कुठे गेल्या, मला माहीत नाही. आज या दोन ओळींत मी त्यांना अहो-जाहो करतो आहे, हेसुद्धा चाळीस वर्षं उशिरा.

हा लेख निलेशला देण्याआधी मी मंजूला फोनवर वाचून दाखवला. ती मुलुंडला असते, तिची मुलं आता कॉलेजात आहेत. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "बाबा, अकरा ओव्या म्हणजे किती वेळ?" मी घड्याळ लावून वाचून पाहिल्या होत्या. म्हटलं, "दीड मिनिटाच्या वर." मला वाटलं, आता रागवेल. तिने विचारलं, "त्या मावशी आपल्याकडे कधी चहा तरी प्यायल्या का हो?"

मी म्हटलं, "नाही."

"हे पण लिहा," ती म्हणाली.

लिहिलं.

पुढचं मागाहून जोडतो आहे. लेख दिल्यावर दोन दिवसांनी निलेशचा फोन आला. "काका, कमिटीत दोघंतिघं जाम भडकलेत. म्हणतात, मंडळाची इज्जत काढली. थोडं सौम्य करूया का? ते गोमूत्र वगैरे काढून टाकू?" मी म्हटलं, एक शब्दही काढायचा नाही. ज्यांना माझी निष्ठा हवी आहे त्यांना सांग, ती माझ्याकडे आहे, पूर्वीपेक्षा जास्त आहे. फक्त आता ती देवावर आहे, माझ्या आसनावर नाही. देव उंबऱ्यात उभा होता, डोक्यावर सुक्या मासळीची टोपली घेऊन, आणि मी त्याला बाहेरूनच म्हणालो. हे ज्यांना मंडळाला कमीपणा आणणारं वाटतं त्यांनी माझ्याशी येऊन भांडावं. दार उघडं असतं.

मागच्या गुरुवारी सकाळी मी पोथी वाचत बसलो होतो. बेल वाजली. निलेशची बायको फोन हातात घेऊन वर धावत आली असेल असं वाटलं, पण तिच्या घरी काम करणारी बाई होती. "काका, ताई बोलावतेय, स्वराला परत झालंय." ओवी अर्धी झाली होती. मी अर्ध्या ओवीवरून उठलो. चपला घातल्या नाहीत, पोथी झाकली नाही. गुडघ्यांनी जितकं धावता येतं तितका दोन मजले धावलो.

मी पोचलो तेव्हा मला करायला काही उरलं नव्हतं. स्वरा जमिनीवर कुशीवर होती. आजूबाजूची खेळणी लांब सारलेली होती. तिची आई बाजूला बसली होती, गालांवरून पाणी वाहत होतं, पण हात मांडीवर होते, मोकळे, आणि नजर घड्याळावर. मला बघून म्हणाली, "एक मिनिट वीस सेकंद झालेत, काका." कोपऱ्यात निलेशची आई पदर तोंडाशी धरून उभी होती. तिच्या मुठीत अंगाऱ्याची पुडी होती, ती तिने उघडली नव्हती. मी स्वराच्या आईशेजारी जमिनीवर बसलो. दोघं घड्याळ बघत राहिलो. दोन मिनिटांच्या थोडं पुढे स्वराने श्वास सोडला आणि रडली. तिची आई तिला डॉक्टरकडे घेऊन गेली, मी हळूहळू जिना चढून वर आलो.

पोथी उघडीच होती. पंख्याच्या वाऱ्याने पानं उलटून कुठल्या कुठे गेली होती. मी मघाची ओवी शोधायचा प्रयत्न केला, चष्मा पुसला, सापडली नाही. मग जे पान समोर उघडं होतं तिथूनच वाचायला बसलो. तेवढा वेळ देव थांबला होता. त्याचं काही अडलं नव्हतं.